पेशीतील रफूकाम

आपण उन्हात खेळतो तेव्हा आपल्या त्वचेतील पेशींना इजा होत असते. ती दुखत नाही, म्हणून कळतही नाही. सूर्यप्रकाशातील अतिनील किरण पेशीतील डीएनएवर पडले की त्याचे शेजारशेजारचे दोन घटक एकमेकांना चिकटून बसतात. डीएनए म्हणजे पेशीने कसे वागावे याच्या सूचनांचा लांबलचक दुपदरी धागा. या सूचना बिघडल्या तर पेशी बेसुमार वाढू लागण्याची भीती असते. त्या रोगाला आपण कर्करोग म्हणतो. मग उन्हात वावरणाऱ्या प्रत्येकाला तो का होत नाही? कारण पेशी आपला धागा स्वतःच दुरुस्त करते. ही दुरुस्ती कशी होते, हे उलगडणाऱ्या शास्त्रज्ञांत अझीझ संजार यांचे नाव फार मोठे आहे.

संजार यांचा जन्म १९४६ साली तुर्कस्तानातील सावूर या गावी झाला. (रोमन लिपीतील त्यांचे आडनाव पुष्कळजण ‘सॅन्कार’ असे वाचतात, तुर्की उच्चार मात्र ‘संजार’ असा आहे.) आठ भावंडांत ते सातवे. आईवडिलांना लिहितावाचता येत नव्हते, पण मुलांनी शिकावे असा त्यांचा आग्रह होता. अझीझ फुटबॉल उत्तम खेळत. गोलरक्षक व्हावे असे त्यांना वाटे, पण उंची कमी पडेल म्हणून तो विचार त्यांनी सोडला. १९६९ साली ते इस्तंबूल येथून डॉक्टर झाले आणि आपल्याच भागात रुग्णसेवा करू लागले.

त्यांचे मन मात्र एका कोड्यात अडकले होते. अतिनील किरणांनी मरणपंथाला लागलेल्या जीवाणूंवर निळा प्रकाश टाकला तर ते पुन्हा सावरतात. हे कसे घडते? १९७३ साली ते अमेरिकेत डॅलस येथे याच विषयाचे जाणकार क्लॉड रुपर्ट यांच्याकडे गेले. हे काम करणाऱ्या विकराचे जनुक त्यांनी १९७६ साली वेगळे केले. काम मोठे होते, पण त्याची फारशी दखल कोणी घेतली नाही. पुढील संशोधनासाठी त्यांनी तीन ठिकाणी अर्ज केले, तिन्ही नामंजूर झाले! शेवटी येल विद्यापीठात त्यांनी प्रयोगशाळेतील तंत्रज्ञाची नोकरी धरली. डॉक्टरी आणि पीएच.डी. अशा दोन पदव्या मिळवलेल्या माणसाने पत्करलेली ही नोकरी होती.

तिथेच त्यांना खरी वाट सापडली. प्रकाशाशिवाय, अंधारातही होणाऱ्या दुरुस्तीचा अभ्यास तिथे चालू होता. तुम्ही रफू करणाऱ्याला पाहिले असेल. तो कापडाचा खराब भाग कापून काढतो आणि शेजारच्या विणीकडे पाहत नवा धागा भरतो. पेशीही तसेच करते. संजार यांनी जीवाणूंतील तीन विकरे शुद्ध स्वरूपात मिळवली आणि १९८३ साली दाखवून दिले की, ही विकरे बिघाडाच्या दोन्ही बाजूंना काप घेतात. त्यामुळे धाग्याच्या एका पदराचा १२-१३ घटकांचा तुकडा निघून येतो. मग समोरचा पदर पाहून रिकामी जागा भरली जाते. माणसात हा तुकडा साधारण दुप्पट लांब असतो आणि कामाला कितीतरी जास्त प्रथिने लागतात. काही मुलांमध्ये जन्मापासूनच ही दुरुस्ती होत नाही. त्यांना ऊन सोसत नाही आणि लहान वयातच त्वचेचा कर्करोग होऊ शकतो.

या रफूकामाची दुसरी बाजूही आहे. सिसप्लाटिन हे कर्करोगावरील औषध रोगट पेशीच्या डीएनएला चिकटून तिला मारते. पण कर्करोगाची पेशीही पेशीच! तीही रफू करून औषधाने केलेला बिघाड काढून टाकू शकते. म्हणजे जी दुरुस्ती आपले रक्षण करते, तीच कधी रोगाचेही रक्षण करते. हे औषध डीएनएवर कुठे कुठे चिकटते आणि कोणता बिघाड पेशी दुरुस्त करते, याचा माणसाच्या संपूर्ण डीएनएचा नकाशा संजार यांच्या गटाने २०१६ साली तयार केला. त्याच्या आदल्याच वर्षी त्यांना तोमास लिंडाल व पॉल मॉड्रिच यांच्याबरोबर रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले होते.

शरीराला वेळेचे भान देणाऱ्या आतल्या घड्याळावरही त्यांनी बरेच काम केले. उंदरांमध्ये दुरुस्तीचा वेग दिवसभर सारखा नसतो. २०११ साली त्यांच्या गटाला आढळले की, पहाटे चार वाजता अतिनील किरण दिलेल्या उंदरांना दुपारी चार वाजता किरण दिलेल्या उंदरांपेक्षा त्वचेचा कर्करोग जास्त होतो. उंदीर रात्री जागतात, त्यामुळे माणसाचे वेळापत्रक निराळे असणार. कर्करोगाचे औषध दिवसाच्या कोणत्या वेळी द्यावे, या प्रश्नाशीही हे संशोधन जोडलेले आहे.