महाधमनीचा फुगा आणि वेळेवरचं ऑपरेशन

वर्गात एखादा मुलगा असा असतो की नववीतच तो मास्तरांच्या डोक्यावरून जातो. काटकुळा बांधा, लांबसडक बोटं, उंचीपेक्षा जास्त भरणारी हातांची वाव, छातीचं हाड आत गेलेलं आणि डोळ्यांवर जाड भिंगं. आपण त्याला हौसेनं व्हॉलीबॉलच्या संघात घेतो. बहुधा त्यात काही वावगं नसतं. पण या सगळ्या खुणा एकाच अंगावर दिसल्या, आणि घराण्यात कुणी तरणाताठा माणूस अचानक गेल्याचं कळलं, तर खेळापूर्वी त्याचं हृदय तपासून घ्यावं.

१८९६ साली पॅरिसच्या डॉ. मार्फान यांनी असं एक मूल वैद्यांपुढं मांडलं. त्यांच्याच नावानं ओळखला जाणारा हा विकार सुमारे पाच हजारांत एकाला असतो. अवयव बांधून धरणाऱ्या संयोजी ऊतींतला एक धागा यात जन्मतःच कच्चा निपजतो. आईला किंवा बापाला विकार असेल तर प्रत्येक अपत्याला तो येण्याची शक्यता निम्मी. मुलगा असो वा मुलगी. आपल्याकडं लगेच मामाच्या मुलीशी केलेल्या लग्नाकडं बोट जातं. या विकारापुरता तो दोष नव्हे. चारांतल्या एका रोग्याच्या आईबापांना तर काहीच नसतं.

खरा धोका महाधमनीला. हृदयातून निघणारी ही थोरली नळी. तिची भिंत कच्ची, आणि आतून दर ठोक्याला रक्ताचा रेटा. सायकलच्या ट्यूबला फुगा यावा तशी ती मुळाशी फुगत जाते, आणि दुखत मुळीच नाही. मग एके दिवशी वाकळीचं अस्तर उसवावं तसा आतला पदर फाटतो, रक्त पदरांमध्ये शिरतं, छातीत-पाठीत फाडल्यासारखी कळ येते. तेव्हा उरतात ते तास.

म्हणून ऑपरेशन फाटण्याआधी करायचं. नळीची रुंदी पाच सेंटिमीटरला पोचली की सर्जन सल्ला देतात. घराण्यात कुणाची फाटली असेल तर त्याही आधी. लंडनच्या बेंटॉल यांनी १९६८ साली प्रसिद्ध केलेली रीत अशी : हृदय थांबवून काम यंत्रावर सोपवायचं, फुगलेला भाग काढायचा, झडप बसवलेली कापडी नळी शिवायची आणि हृदयाला रक्त पुरवणाऱ्या दोन धमन्या तिला जोडायच्या. धातूची झडप असेल तर रक्त पातळ ठेवणारी गोळी जन्मभर. टोरांटोचे डेव्हिड यांनी पुढं स्वतःचीच झडप राखायची युक्ती काढली.

१९९९ साली ६७५ रोग्यांची पाहणी प्रसिद्ध झाली. ठरवून केलेल्या ऑपरेशननंतर महिन्याभरात शंभरात दीड दगावले. तातडीनं करावं लागलं तिथं जवळपास बारा. आपल्या भागातून मुंबई, पुणे किंवा हैदराबाद गाठायला रात्र मोडते, तेव्हा हा फरक आपल्याला फार महाग पडतो.

सुरुवात मात्र जवळच होते. नांदेडच्या किंवा लातूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात दाखवावं. इको म्हणजे छातीची सोनोग्राफीच. सुई नाही, भूल नाही. नळी फुगलेली निघाली तर रेटा कमी करणाऱ्या गोळ्या सुरू होतात आणि इको दरवर्षी होतो. जड ओझी, कुस्ती बंद, शाळा चालू. खर्चासाठी महात्मा जोतिराव फुले योजनेच्या आरोग्यमित्राला भेटावं. मुलीला विकार असेल तर बाळंतपणाआधीच नळी मोजून घ्यावी, कारण त्या दिवसांत ती फाटण्याची भीती वाढते. आणि एकाला निघाला की आईबाप, भावंडं, सगळ्यांचाच इको करावा.