आरशाच्या पेटीतलं सोनं

डाळीच्या डब्यात चार नोटा दडवून ठेवण्याची रीत काही आपलीच नाही, बरं का! सोळाव्या शतकातल्या जपानमध्ये चियो नावाच्या सामुराईपत्नीनं दहा र्‍यो सोनं आरशाच्या पेटीत जपलं होतं. नवरा यामाउची काझुतोयो हा ओदा नोबुनागाच्या पदरचा साधा शिलेदार. विकायला आलेला उमदा घोडा पाहून तो हळहळत घरी आला, तेव्हा तिनं ती पेटी उघडली. घरात ओढाताण असतानाही तिनं या पैशाला हात लावला नव्हता! घोडा नोबुनागाच्या नजरेत भरला आणि काझुतोयोचं नशीब फिरलं. ही गोष्ट शंभराहून जास्त वर्षांनी लिहिली गेली, तेव्हा थोडं तिखटमीठ लागलंच असणार.

पुढे १५८६च्या भूकंपात नागाहामाला त्यांची एकुलती एक मुलगी गेली. दुसरं मूल झालं नाही. गादीवर पुतण्या आला.

१६०० साली तोकुगावा इएयासु आणि इशिदा मित्सुनारी यांच्यात जुंपली. मित्सुनारीनं ओसाकात राहणाऱ्या सरदारांच्या बायकांना ओलीस धरायचा डाव टाकला. चियोनं नवऱ्याकडे बंद पेटी धाडली आणि दूताच्या टोपीच्या दोरीत पिळून एक गुप्त चिठ्ठी. पेटी न फोडता इएयासुला द्यावी, असा तिचा निरोप! काझुतोयोनं तसंच केलं, वर आपला काकेगावाचा किल्लाही देऊ केला. सेकिगाहाराची लढाई जिंकल्यावर इएयासुनं त्याला शिकोकू बेटावरचा तोसा प्रांत दिला. उत्पन्न दोन लाख कोकू. एक कोकू म्हणजे एका माणसाचा वर्षाचा तांदूळ, साधारण दीडशे किलो. सामुराईंचा पगार तांदळातच मोजत.

पण तोसात आधीच्या चोसोकाबे घराण्याचे सैनिक होते. चिलखत बांधावर ठेवून शेत कसणारी ही माणसं. आपल्या धन्याला निदान अर्धा प्रांत तरी ठेवा, म्हणून ती उरादोच्या किल्ल्यात अडून बसली. २७३ जणांची डोकी उडवली गेली. त्यांच्या घरी त्या दिवशी काय झालं असेल, ते चियोचं कौतुक करणाऱ्या पुस्तकांत सापडत नाही.

काझुतोयो १६०५ला वारला. चियो जोगीण होऊन क्योतोला राहिली, १६१७ला गेली. तोसात मात्र यामाउचींबरोबर आलेले ते वरचे आणि जुने ते खालचे, ही उतरंड अडीचशे वर्षं टिकली. खालच्यांमध्ये ‘गोशी’ हा एक दर्जा होता. एका सावकारी घराण्यानं हा गोशीचा दर्जा विकत घेतला, त्यातच १८३६ला साकामोतो र्‍योमा जन्मला. शोगुननं सत्ता सोडावी ही त्याची खटपट. शेवटी १८६७ला यामाउचींच्याच वडीलधाऱ्या सरदारानं, योदोनं, तसा अर्ज शोगुनपुढे ठेवला आणि तोकुगावांची सत्ता संपली.

कोचीच्या किल्ल्यात घोड्याशेजारी उभ्या चियोचा पुतळा आहे. र्‍योमाचं स्मारक संग्रहालय आहे उरादोच्या त्याच जुन्या किल्ल्याच्या जागी.