खेळाचें खातें व तोतया दार

संगणकावर खेळणाऱ्या मुलांस ‘स्टीम’ हें नांव नवें नाहीं. अमेरिकेंतील ‘व्हॉल्व्ह’ कंपनीनें तें २००३ सालीं सुरू केलें. विकत घेतलेले खेळ, खेळांत मिळविलेल्या वस्तु व कित्येकदां वडिलांच्या बँक-कार्डाचा तपशीलही तेथें एकाच खात्यांत असतो. दरमहा सुमारें ७७,००० खातीं चोरांच्या हातीं जातात, असें याच कंपनीनें डिसेंबर २०१५ मध्यें सांगितलें होतें. इतकीं कुलपें चोर फोडतात तरी कशीं? बहुधा फोडावीं लागतच नाहींत. मालकच किल्ली आणून देतो.

मित्राचा निरोप येतो, ‘आमच्या संघास एक मत दे ना!’ निरोप खरोखरच मित्राच्या खात्यांतून आलेला असतो, कारण तें खातें आधींच चोरीस गेलेलें असतें. दुवा उघडतांच स्टीमची प्रवेश-चौकट दिसते. रंग तेच, अक्षरें तींच, वरच्या पट्टींतला पत्ताही अगदीं खरा! २०२२ सालीं ‘ग्रुप-आयबी’ या संस्थेनें ही युक्ति उघडकीस आणली. ती चौकट निराळी खिडकी नसून चोराच्या पानावर काढलेलें चित्र असतें, आणि पत्ताही चित्रांतलाच! संगणकावर ती माउसनें धरून ब्राउझरच्या कडेबाहेर ओढून पाहावी. खरी खिडकी बाहेर जाते. चित्रांतली काठाशींच अडते. मोबाईलवर ही परीक्षा चालत नाहीं. तेथें दुवा सोडून स्वतः स्टीमचें ॲप उघडावें. (आपल्या एका मतावांचून मित्राचा संघ कांहीं बुडत नाहीं.)

‘स्टीम गार्ड’ची सोय अवश्य घ्यावी. तींत परवलीच्या शब्दाखेरीज मोबाईलवर दर ३० सेकंदांनीं बदलणारा संकेत लागतो. परंतु तोतया चौकटींत मुलगा तो संकेतही आपल्या हातानें लिहितो, व चोर त्याच क्षणीं तो खऱ्या दारावर वापरतो. शिवाय ईमेल व खेळ या दोहोंस एकच परवलीचा शब्द ठेवणें म्हणजे तिजोरीची किल्ली गोठ्यासही लावणें होय.

मालकी सिद्ध केल्यास खातें परत मिळूं शकतें. त्यांतून गेलेल्या वस्तु मात्र स्टीम सहसा परत देत नाहीं. म्हणून त्वरा करावी लागते, आणि नेमका तोच वेळ लाजेंत जातो. ‘बाबा रागावतील’ म्हणून मुलगा रात्रभर गप्प राहतो. तेवढ्यांत त्याच्या नांवानें साऱ्या मित्रांस तोच निरोप पोंचतो. पालकांनीं राग आवरून मुलाशेजारीं बसावें, परवलीचा शब्द बदलावा, इतर सर्व यंत्रांवर उघडें असलेलें खातें बंद करावें व मित्रांस फोनवरून कळवावें. पैसे गेले असल्यास बँकेस, तसेंच भारतांत १९३० या क्रमांकावर, त्याच घटकेस सांगावें.