दहा शिलिंगांचा करारनामा

1939 साली जोहान्सबर्ग येथील गॅलो कंपनीच्या ध्वनिमुद्रणगृहात सॉलोमन लिंडा हा झुलू गायक आपल्या ‘इव्हनिंग बर्ड्‌स’ या मेळ्यासह उभा राहिला, आणि ‘एम्बुबे’ या गीताची तिसरी फेरी संपत आली असता, साथीदारांचे खर्जातले सूर खाली दाटून राहिलेले असताना, त्याने अगदी उंच स्वरात आयत्या वेळी जी लहानशी सुरावट घेतली, तीच पुढे देशोदेशींच्या मुलांच्या तोंडी बसली. लिंडा त्याच कंपनीच्या तबकड्यांच्या कारखान्यात माल बांधण्याचे काम करी. गीतावरील सर्व हक्क त्याने अवघ्या 10 शिलिंगांस लिहून दिले.

ती तबकडी अमेरिकेत पोचली, पीट सीगर यांच्या ‘वीव्हर्स’ मंडळीने ‘विमोवे’ या नावाने तिचा अवतार लोकप्रिय केला, आणि कर्ता म्हणून नाव लागले ते पॉल कॅम्पबेल या कधीही न जन्मलेल्या गृहस्थाचे! 1961 मध्ये जॉर्ज वाइस यांनी इंग्रजी शब्द रचले, ‘टोकन्स’ मंडळीने ते गायिले. डिस्नेच्या 1994 मधील ‘लायन किंग’ चित्रपटातही तीच चाल आहे. लिंडा 1962 मध्ये दारिद्र्यातच निवर्तला. या चालीने मिळवून दिलेली रक्कम दीड कोटी डॉलरच्या घरात जाते, असा अंदाज पत्रकार रियान मलान यांनी 2000 साली मांडला.

वास्तविक 1886 च्या व पुढे सुधारलेल्या बर्न करारान्वये गीत रचले जाताच, कोणत्याही दप्तरी नोंद न करता, स्वामित्वहक्क उत्पन्न होतो, आणि सभासद राष्ट्राने परकीय कर्त्यास स्वकीयाप्रमाणेच वागवावे असे बंधन आहे. अमेरिका त्या करारात 1989 पर्यंत नव्हती हे खरे. पण ती आधी सामील झाली असती तरी लिंडाचे नष्टचर्य चुकले असते असे मला वाटत नाही, कारण करार परक्या मुलखात कर्त्याचे नाव राखू शकतो, कर्त्याने स्वहस्ते विकलेला हक्क त्याच्या पदरी परत घालू शकत नाही. शिवाय ज्याची एकच सनद सर्व जगात चालावी, असा ‘जागतिक स्वामित्वहक्क’ मुळी अस्तित्वातच नाही. प्रत्येक देशातील दावा त्या त्या देशाच्या कायद्याने चालायचा.

वारसांच्या मदतीस जो कायदा धावून आला, तो साम्राज्याच्याच जुन्या दप्तरातला निघाला. 1911 च्या ब्रिटिश कायद्यातील एका तरतुदीप्रमाणे कर्त्याने हयातीत केलेले हक्काचे हस्तांतर त्याच्या मृत्यूनंतर 25 वर्षांनी संपुष्टात येऊन हक्क वारसांकडे परततो. त्या हिशेबाने, त्या कायद्याचा अंमल असलेल्या प्रदेशांपुरते लिंडाचे गीत 1987 मध्येच त्याच्या मुलींचे झाले होते, हा मुद्दा वकील ओवेन डीन यांनी हुडकून काढला. परंतु अमेरिकेतील डिस्ने कंपनीस दक्षिण आफ्रिकेच्या न्यायालयाच्या हद्दीत आणावे कसे? तिच्या तेथे नोंदलेल्या व्यापारचिन्हांवर, म्हणजे मिकी माउस आदी मंडळींवर, जप्ती आणवून! 2004 मध्ये दावा दाखल झाला आणि 2006 मध्ये तडजोड होऊन लिंडाला सहरचनाकार म्हणून मान्यता, आणि वारसांना मागील मोबदला व पुढील उत्पन्नात हिस्सा मिळाला.

तोच 1911 चा कायदा 1914 च्या अधिनियमाने हिंदुस्थानातही लागू होता. आजचा आपला कायदा 1957 चा असून त्याचे 19 वे कलम प्रत्येक संगीतकाराने करारावर सही करण्यापूर्वी वाचावे असे आहे: करारात मुदत लिहिलेली नसल्यास ती पाच वर्षांची धरली जाते, आणि मुलूख लिहिलेला नसल्यास हस्तांतर भारतापुरतेच समजले जाते. छापील करारनाम्यांत ‘संपूर्ण जगात, कायमस्वरूपी’ हे शब्द असतात ते याचसाठी, आणि घाईत सही करणाऱ्याची नजर नेमकी त्याच ओळीवरून घसरते. 2012 च्या दुरुस्तीने चित्रपटगीतांच्या गीतकार-संगीतकारांना चित्रपटगृहाबाहेरील वापराच्या मोबदल्यात समान वाटा दिला, आणि वारस किंवा हक्कसंस्था यांखेरीज इतर कोणास तो लिहून देण्याची वाटही बंद केली. मात्र तो वाटा लंडनहून वा टोरांटोहून वसूल व्हावयाचा, तर ‘आयपीआरएस’सारख्या हक्कसंस्थेचे सभासदत्व घेऊन तेथे गीताची, कर्त्यांची व त्यांच्या हिश्श्यांची नोंद अचूक हवी, परदेशी संस्था त्या नोंदीवरूनच पैसे धाडतात.