जांभळ्या टी-शर्टवाल्यांचा प्रश्न

आयोवा आणि न्यू हॅम्पशायर ही अमेरिकेतली लोकसंख्येनं लहान राज्यं. पण त्या काळी अध्यक्षपदाच्या उमेदवारीची पहिली परीक्षा तिथंच होत असल्यानं एरवी टीव्हीवर दिसणारे नेते तिथं शाळांच्या सभागृहांत, खानावळींत, कोणाच्या तरी दिवाणखान्यातही लोकांसमोर उभे राहत. २००७ मध्ये अशा सभांना जांभळे टी-शर्ट घातलेली माणसं हजर असत. आपण ‘आरोग्यसेवेचे मतदार’ आहोत, असं त्यावर लिहिलेलं असे. त्यांची मोहीम कोणा एका उमेदवारासाठी नव्हती. भाषण संपलं की त्यांचा प्रश्न ठरलेला: सगळ्यांना परवडतील असे उपचार कसे देणार, आणि पैसा कुठून आणणार? एका गावात टोलवाटोलवी झाली, तर पुढच्या गावात पुन्हा तेच.

यामागे होती सर्व्हिस एम्प्लॉईज इंटरनॅशनल युनियन. परिचारिका, घरी जाऊन वृद्धांची शुश्रूषा करणाऱ्या बाया, इमारती झाडणारे कामगार अशांची ही संघटना. दुसऱ्यांची दुखणी काढणाऱ्या यातल्या अनेकांना स्वतःच्या दुखण्याचा खर्च परवडत नसे.

त्या वर्षी ४ कोटी ५७ लाख अमेरिकनांकडे आरोग्य विमाच नव्हता. दुसऱ्या महायुद्धात सरकारनं पगारवाढीवर बंधनं घातली, तेव्हा कामगार टिकवण्यासाठी कंपन्या पगाराऐवजी विमा देऊ लागल्या आणि तीच रीत पडली. त्यामुळे नोकरी गेली की विमाही जातो. स्वतःच्या पैशानं घ्यावा, तर जुन्या आजाराकडे बोट दाखवून कंपनी नकार देई. एच-१बी व्हिसावर तिकडे गेलेल्या मराठी इंजिनीअरांना या टांगत्या तलवारीबद्दल वेगळं सांगायला नको.

राजकारणी या विषयाला बिचकत, त्यालाही कारण होतं. १९९३-९४ मध्ये बिल क्लिंटन सरकारची सर्वांना विमा देण्याची योजना विमा कंपन्यांनी जाहिराती करून हाणून पाडली होती. ‘हॅरी आणि लुईझ’ हे त्या जाहिरातींतलं काळजीत पडलेलं जोडपं. गंमत म्हणजे २००८ मध्ये तेच दोन कलाकार पुन्हा पडद्यावर आले, यावेळी सुधारणेची बाजू घेऊन!

मार्च २००७ मध्ये लास व्हेगसला युनियननं डेमोक्रॅटिक उमेदवारांना फक्त आरोग्यावर बोलायला बोलावलं. जॉन एडवर्ड्स यांची योजना फेब्रुवारीतच आलेली. हिलरी क्लिंटन यांना विषय तोंडपाठ. बराक ओबामांचे मात्र हात रिकामे. तपशील कुठं आहे, असं श्रोत्यांतून विचारल्यावर, आपली मोहीम जेमतेम आठ आठवड्यांची आहे, असं सांगून त्यांना वेळ मारून न्यावी लागली. बोलघेवडा पण उथळ, अशी टीका झाली. मे अखेरीस आयोवा सिटीत त्यांनी योजना मांडली. शिवाय युनियनचा पाठिंबा हवा असणाऱ्यानं एक दिवस कामगारासोबत राबावं, अशी अट होती. ओबामांनीही ऑगस्टमध्ये ऑकलंडला एका शुश्रूषा करणाऱ्या बाईंबरोबर घरकाम केलं. सप्टेंबरात क्लिंटन यांची योजना आली आणि वाद बारकाव्यांवर गेला: विमा सर्वांना सक्तीचा करायचा की फक्त मुलांना? ओबामा प्रौढांवरील सक्तीच्या विरोधात होते. रिपब्लिकन जॉन मॅकेन यांनी कुटुंबामागे ५,००० डॉलरच्या करसवलतीचा मार्ग सुचवला.

मग २००८ च्या शरद ऋतूत बँका कोसळल्या. नोव्हेंबरच्या मतदानोत्तर चाचणीत ६३ टक्के मतदारांनी अर्थव्यवस्थेला पहिलं स्थान दिलं, आरोग्याला अवघ्या ९ टक्क्यांनी. एवढ्यावर विषय अडगळीत जायला हरकत नव्हती. तो गेला नाही, कारण विजयी उमेदवार, म्हणजे ओबामा, त्यावर लेखी वचन देऊन बसले होते. डिसेंबरात ओबामांच्या चमूनं लोकांना घरोघरी आरोग्यचर्चा घ्यायचं आवाहन केलं, तेव्हा नऊ हजारांहून अधिक जणांनी यजमान म्हणून नावं नोंदवली.

२३ मार्च २०१० रोजी ओबामांनी आरोग्य सुधारणेच्या कायद्यावर सही केली. जुन्या आजारामुळे विमा नाकारण्यावर त्यानं बंदी घातली. ओबामांनी आधी नाकारलेली सक्तीही त्यात होती. चळवळीतल्या अनेकांना हवा असलेला सरकारी विम्याचा पर्याय मात्र सिनेटमध्येच गळाला.