कपाळीचा लेख आणि देवाची निवड

८ मे २०२५ रोजी पोप लिओ चौदावे निवडून आले, तेव्हा ते संत ऑगस्टीनच्या नावाने चालणाऱ्या संघाचे असल्याचे सगळ्यांनी छापले. पण सोळाव्या शतकात ज्या वादाने युरोप पेटला, त्याचे मूळही याच ऑगस्टीनच्या लिखाणात आहे. तारण कोणाचे व्हायचे, हे देवाने आधीच ठरवून ठेवले आहे का? प्रॉटेस्टंट धर्मसुधारक कॅल्विनचे उत्तर होते : हो, काही जण तारणासाठी आणि काही नाशासाठी. ट्रेंटच्या कॅथलिक धर्मपरिषदेने १५४७ मध्ये सांगितले, की पहिले पाऊल देवाच्या कृपेचेच. पण माणूस तिला होकार देतो, तसा नकारही देऊ शकतो. एवढ्यावरून कॅथलिक म्हणजे स्वातंत्र्य आणि प्रॉटेस्टंट म्हणजे नियती अशी वाटणी केली जाते. ती फसवी आहे. याच मुद्द्यावर जेझुइट आणि डॉमिनिकन हे दोन कॅथलिक संघ वर्षानुवर्षे भांडले आणि १६०७ मध्ये पाचव्या पॉल पोपने निकाल न देताच तो वाद थांबवला. उलट आर्मिनियस आणि वेस्ली हे प्रॉटेस्टंट असूनही कॅल्विनच्या विरोधात गेले. ‘आजच स्वीकार कर’ असे सांगणारा पेंटेकोस्टल प्रचारक कॅल्विनपेक्षा ट्रेंटच्याच जवळचा.

मराठी वाचक म्हणेल, ही तर आपली सटवाईच! तसे नाही. सटवाई कपाळी लिहिते ते या जन्मीचे सुखदुःख. कॅल्विनची ‘निवड’ आत्म्याच्या अखेरीची. दुसरा आक्षेप अधिक टोकदार आहे : सगळे ठरलेलेच असेल, तर माणसाने हातपाय कशाला हलवायचे? कॅल्विनच्या परंपरेतल्या स्कॉटिश मिशनचे जॉन विल्सन १८२९ मध्ये मुंबईत आले आणि शाळा काढत राहिले. देवाच्या इच्छेबाहेर काही घडत नाही असे मानूनही कॅल्विनने माणसाची जबाबदारी माफ केली नव्हती.

वसईच्या किनाऱ्यावर चर्चची परंपरा पोर्तुगीज काळापासूनची. वसई ज्या पालघर जिल्ह्यात आहे, त्याच्याच डोंगरात जव्हार-मोखाडा आहे. तिथे या वादाची खरी कसोटी लागते. १९९२-९३ मध्ये जव्हार तालुक्यातल्या वावर-वांगणीत कुपोषणाने शंभरावर मुले दगावली. कुपोषणाला ‘त्यांचे नशीब’ म्हणून मोकळे होण्याची सोय ट्रेंट देत नाही आणि कॅल्विनही देत नाही. देवाने कोणाला निवडले, याचा वाद आणखी चारशे वर्षे चालला तरी हरकत नाही. त्या मुलांच्या ताटात काही नव्हते, ते मात्र माणसांमुळे.