कारखान्याच्या दारातली मराठी

नाशिक हे तीर्थक्षेत्र म्हणून सर्वश्रुत असले, तरी गेल्या शतकात त्याला जी दुसरी ओळख लाभली ती यंत्रांनी दिलेली आहे. १९२५ साली नाशिकरोडला सरकारी सिक्युरिटी प्रेस उभी राहिली, १९२८ मध्ये तेथेच नोटा छापणारे मुद्रणालय सुरू झाले, १९६४ साली ओझरला विमानांचा कारखाना आला, आणि पुढे सातपूर, अंबड व सिन्नर येथील औद्योगिक वसाहतींनी खेड्यापाड्यांतील हजारो तरुणांना नांगरावरून लेथवर आणले. यंत्राबरोबर त्याची परिभाषाही आली. ‘फर्स्ट शिफ्ट’, ‘हाफ डे’, ‘गेट पास’, ‘ओटी’, ‘परमनंट’ हे शब्द आज ज्या घरात कोणाला इंग्रजी वाचता येत नाही, त्या घरातही रोजच्या बोलण्यात आहेत.

कामासंबंधीचे असे इंग्रजी शब्द पाहिले, तर त्यांतील पुष्कळसे जोडशब्द आहेत असे दिसते. दोन आखूड शब्द शेजारी ठेवायचे आणि पहिल्याने दुसऱ्याचा अर्थ निश्चित करायचा, एवढीच ती रीत. ‘ओव्हरटाईम’, ‘नाईट शिफ्ट’, ‘पे-स्लिप’ हे सारे तिच्यातूनच घडले. ही शक्ती आपल्या समासात पूर्वापार आहे, आणि मराठी श्रमिकाने ती व्याकरणाचे पुस्तक न उघडता वापरली आहे. रात्रपाळी, पगारवाढ, टाळेबंदी, हजेरीपट हे शब्द किती नेटके आहेत! त्यांत ‘पगार’ पोर्तुगिजांकडून आलेला, ‘हजेरी’ अरबी-फारशी वंशाची. खुद्द ‘कामगार’ या शब्दात आपल्या ‘काम’ला फारशी ‘गार’ जोडलेला, तर ‘कंत्राटदार’ या शब्दात समुद्रापलीकडून आलेल्या ‘कंत्राटा’ला फारशी ‘दार’ चिकटलेला. शुद्धिवाद्याला असा संकर रुचणार नाही. परंतु ज्या भाषेला परका शब्द आपल्या प्रत्ययांनी व समासांनी बांधून घेता येतो ती दुबळी नव्हे, असे माझे स्पष्ट मत आहे.

वरून शब्द घडवून देण्याचा प्रयत्नही आपल्याकडे जुना आहे. शिवछत्रपतींच्या काळी रघुनाथपंत हणमंते यांनी ‘राज्यव्यवहारकोश’ सिद्ध केला, आणि मुजुमदाराचा अमात्य, सुरनिसाचा सचिव, सरनोबताचा सेनापती झाला. तरीही पेशवा लोकांच्या तोंडी पेशवाच राहिला. उलट ‘सचिव’ हा शब्द आज मंत्रालयाच्या प्रत्येक दालनावर आहे. नाशिकजवळच्या भगूरचे सावरकर यांनी भाषाशुद्धीसाठी दिलेल्या शब्दांपैकी ‘महापौर’ असा रुळला की तो घडवलेला आहे हेही लोक विसरले. १९६० साली राज्य शासनाने भाषा संचालनालय स्थापन केल्यावर पदनामे व परिभाषा यांचे कोश तयार झाले. त्या कष्टांविषयी मला आदर आहे. पण ग्रॅच्युइटीला ‘उपदान’ म्हणणारा कामगार मला भेटलेला नाही, आणि ‘भविष्यनिर्वाह निधी’ फलकावर राहून बोलण्यात ‘पी.एफ.’च राहिला. याउलट ‘महागाई भत्ता’ सर्वांच्या तोंडी बसला, कारण तो मोर्चात मागितला गेला, पत्रकांत छापला गेला, बैठकीत भांडून मिळवला गेला. मागणीबरोबर जन्मलेला शब्द टिकतो. दफ्तरातून मागाहून आलेल्याला जागा मिळणे कठीण.

द्राक्षमळ्यांतही हेच दिसेल. ऑक्टोबरच्या छाटणीला सुरगाणा-पेठ भागातून मजुरांच्या टोळ्या दिंडोरी-निफाडकडे उतरतात, आणि छाटणी, फेलफूट काढणे, शेंडा मारणे यांच्याच ओघात पेस्टिंग, डिपिंग, थिनिंग हे शब्द त्यांच्या तोंडी सहज येतात. यात भाषेचे काही बिघडले, असे मला वाटत नाही. काम हाताला कळले आहे, म्हणून त्याचे नावही कळले आहे.

बिघडते ते जेथे कागद पुढे येतो तेथे. ‘नोटीस पिरियड’, ‘फिक्स्ड टर्म’, ‘फुल अँड फायनल’ हे शब्द उच्चारता येतात, पण त्यांच्याखालच्या इंग्रजी मजकुरावर सही करणाऱ्याला आपण कोणता हक्क सोडत आहोत हे पुष्कळदा उमगत नाही. १९४८ च्या कारखाने अधिनियमाने जादा तासांना दुप्पट दराने मजुरी ठरवली, आणि कायद्यानुसार लावायच्या सूचना इंग्रजीबरोबरच बहुसंख्य कामगारांना समजणाऱ्या भाषेतही असाव्यात असा दंडक घातला. जो विवेक भिंतीवरच्या सूचनेबाबत दाखवला, तो नेमणूकपत्राबाबत आणि हिशेबाच्या अखेरच्या कागदाबाबतही दाखवला पाहिजे. ‘ओटी’ हा शब्द खुशाल राहू द्यावा. परंतु तो किती तासांनंतर सुरू होतो आणि त्याचे किती पैसे मिळतात, हे त्याच कागदावर सरळ मराठीत लिहिलेले असावे, एवढी मागणी नाशिकच्या कामगार संघटनांनी आपल्या पुढच्या करारात अवश्य घालावी.